उंच बुटक्यांची गाणी

आज मी ज्या जोडीविषयी बोलणार आहे, तिचं नाव आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानांवर गेलं असेल. देश न्यूझीलंड. जोडीचं नाव टॉल ड्वार्फ्स, म्हणजे उंच बुटके. एक ख्रिस नॉक्स, दुसरा अ‍ॅलेक बाथगेट. रॉक संगीत म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो ड्रम्सचा दणदणाट. यांच्याकडे ड्रम वाजवणारा माणूसच नव्हता.

मिरजेतल्या माझ्यासारख्या कवीला हे कुठून मिळालं? माझ्या खालाचा मुलगा रत्नागिरीचा, जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला. १९९७ साली ऑकलंड बंदर करून आला, तेव्हा एका कॅसेटवर भरून घेतलेली गाणी घेऊन आला. ‘भाईजान, तुम्ही शायर आहात, तुम्हाला वेडी माणसं आवडतात,’ म्हणाला. आमचं घर तंबोरे करणाऱ्यांचं. एका तंबोऱ्याची जवारी मनासारखी लागेपर्यंत अब्बा घोडी घासत तासन्‌तास बसायचे. त्या घरात मी ही कॅसेट लावली. दोन मिनिटं ऐकून अब्बा म्हणाले, ‘भांडी घासायला बसलेत का रे हे?’

अब्बा फार चुकले नव्हते. या दोघांचा ताल म्हणजे टाळ्या, चुटक्या, पायांची थाप, घरातली हाताला लागेल ती वस्तू. त्यातला चार-सहा ठोक्यांचा तुकडा टेपवर घ्यायचा, टेप कापून तिची दोन टोकं जोडायची. अशी टेप यंत्रावर गोल गोल फिरत राहते आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. मग त्यावर गिटार आणि दोन आवाज. कव्वालीत टाळी देणाऱ्यांच्या रांगेत लहानपणी बसलेला मी, मला त्या टाळ्यांनीच पकडलं. टाळी थोडी मागेपुढे झाली तर गाणं जिवंत वाटतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

हा गरिबीचा थाट त्यांनी जाणूनबुजून स्वीकारला होता. आधी दोघे टॉय लव्ह नावाच्या गाजलेल्या बँडमध्ये होते. १९८० साली तो बँड ऑस्ट्रेलियाला गेला, मोठ्या स्टुडिओत अल्बम झाला, पण कार्यक्रमांत लोकांना जो आवाज वेडावत होता तो त्यात उतरला नाही, अशी त्यांचीच खंत राहिली. बँड मोडला. १९८१ साली दोघांनी घरच्या घरी गायला सुरुवात केली, चार ट्रॅकच्या टेपरेकॉर्डरवर. चार ट्रॅक म्हणजे एकाच फितीवर शेजारी शेजारी चार वाटा. तीन वाटा भरल्या की त्या चौथीवर एकत्र करायच्या आणि रिकाम्या झालेल्या तीन पुन्हा वापरायच्या. दर खेपेला आवाज थोडा मळतो. तो मळ त्यांनी धुतला नाही. याच यंत्रावर नॉक्सनं डग हूडबरोबर ड्युनेडिन शहरातल्या पोरांचे बँडही ध्वनिमुद्रित केले आणि फ्लाइंग नन या छोट्या कंपनीच्या त्या तबकड्या पुढे जगभरच्या रसिकांनी शोधून शोधून ऐकल्या.

नॉक्स राहायचा ऑकलंडला, बाथगेट क्राइस्टचर्चला. दोन वेगळी बेटं. भेट झाली की चार दिवस बसून गाणी करायची. तबकडीवरची चित्रंही आपणच काढायची, नॉक्स व्यंगचित्रकार होताच. सगळंच काही सोनं नाही. त्यांची काही गाणी मी आजही पुढे ढकलतो. दोन हुशार पोरं एकमेकांना हसवताहेत आणि आपण दाराबाहेर उभे, असं वाटतं. पण नॉक्स मरणाविषयी, शरीराच्या कुरबुरींविषयी, नवराबायकोच्या रोजच्या प्रेमाविषयी गातो तेव्हा मी मान खाली घालून ऐकतो. असं साधं लिहायला मला जमलं नाही.

नव्वदच्या दशकात त्यांनी एक गंमत केली. चाहत्यांना सांगितलं, तुम्ही ताल पाठवा. ठिकठिकाणच्या लोकांनी टेपा पाठवल्या. कुणाची थाप, कुणाची खडखड. त्यावर यांनी गाणी बांधली. १९९६ साली तो अल्बम आला, ‘स्टंपी’. त्यावर जोडीचं नाव होतं ‘इंटरनॅशनल टॉल ड्वार्फ्स’. गायकानं रसिकाला म्हणावं, ठेका तू धर, मी गातो! आपल्याकडे मैफलीत समोरचा माणूस दाद देतो, वेळेला ताल धरतो. इथं तो पोस्टानं आला.

२००५ साली अब्बांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. पाणी हवं असलं तरी पाणी म्हणता येईना. आम्ही एकेक वस्तू दाखवायचो आणि ते चिडायचे. घरात कवी मी, आणि बापासाठी एक शब्द आणता येत नव्हता. एका सकाळी मात्र ते अंथरुणावर गुणगुणताना दिसले. जुन्या सिनेमातली चाल, अख्खी, एकही सूर न चुकता. डॉक्टरांनी समजावलं की बहुतेक माणसांच्या मेंदूत शब्दांचं काम डाव्या बाजूला चालतं, सुरांचं बरंचसं उजव्या बाजूला. मला ते समजलं, पण रागही आला. इतकी वर्षं मी सुरांना शब्दांचे हमाल समजत आलो होतो.

अब्बा २००८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, जून २००९ मध्ये, ख्रिस नॉक्सला झटका आल्याची बातमी वाचली. त्याचेही शब्द गेले होते. तोंडातून शब्दांची नुसती कारंजी उडवणारा हा माणूस, आणि आता मोजकेच बोल. त्याच्या उपचारांना हातभार म्हणून त्याच वर्षी एक संच निघाला. त्यात बाथगेट गायला, अमेरिकेतल्या नामांकित गायकांनीही नॉक्सची गाणी गायली. पण नॉक्स स्वतःही थांबला नाही. डाव्या हातानं चित्रं काढू लागला. आणि गाऊ लागला, शब्दांशिवाय. अशी एक ध्वनिफीत मी ऐकली. आ, ओ, हे, एवढंच. खर्ज तोच, जोर तोच, आणि ओळ कुठे संपते हे बरोबर कळत होतं. मी ऐकता ऐकता उठलो आणि अब्बांच्या खोलीत जाऊन बसलो.

२०२२ साली या जोडीची १९८१ ते २००२ मधली निवडक गाणी एका संचात पुन्हा निघाली. रत्नागिरीच्या भावानं मला तो भेट दिला. तो आता जहाजावरून निवृत्त झाला आहे, पण मला अजून भाईजानच म्हणतो.

चाहत्यांकडून ताल मागवल्याची हकिगत मला कळली तेव्हा ‘स्टंपी’ निघून बरीच वर्षं झाली होती. नाहीतर मीही एक टेप पाठवली असती. भोपळा चांगला वाळला का हे बघायला अब्बा त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. आधी दोनदा हळू, थांबून एकदा जोरात. आता तसंच माझा पुतण्या करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मोबाइलवर ते मिनिटभर भरून घेतलंय. कुणाला पाठवलेलं नाही.