चांगली गिटार कुणासाठी असते?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



सेक्रेटरींनी मला 'निवृत्तीनंतरचे छंद' असा विषय दिला होता. तो मी परवानगी न घेताच थोडा लहान केला आहे. बँकेत असताना असं केलं असतं तर मेमो मिळाला असता. पण आता पेन्शन सुरू आहे, ती कोणी बंद करत नाही.

विषय लहान करायला एक कारण घडलं. मागच्या महिन्यात आपल्याच एका विंगमधले एक गृहस्थ मला जिन्यात भेटले. त्यांचा मुलगा दहावी झाला आणि त्याला बावीस हजारांची गिटार हवी आहे. घरात साडेचार हजारांची आहेच. ते म्हणाले, "काका, तुम्ही वाजवता म्हणून विचारतो. हा काही मोठा कलाकार होणार नाहीये. मग एवढी महाग कशाला?" लिफ्ट बंद होती, त्यांना घाई होती, मलाही धाप लागली होती. उत्तर राहून गेलं. ते आज देतो. ते समोर बसले आहेत, पण नाव घेणार नाही.

त्यांचा प्रश्न साधा नाही. आपण बहुतेक जण सालवडला आलो ते नोकरीमुळे. कोणी एमआयडीसीत, कोणी तारापूर अणुशक्ती केंद्रात, कोणी माझ्यासारखे स्वस्तात स्वतःचं घर मिळतंय म्हणून. हप्ते फेडले, मुलांची शिक्षणं केली. अशा घरात हौसेच्या वस्तूला बावीस हजार म्हटलं की पहिला विचार येतो तो लायकीचा. चांगलं वाद्य चांगल्या वाजवणाऱ्यालाच शोभतं, आपल्याला चालण्यापुरतं पुरे. हा हिशेब मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगतो.

मी १९७४ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो. शाखा फोर्टात. संध्याकाळी चर्चगेटला न जाता मुद्दाम धोबीतलावावरून मरीन लाइन्सला जायचो, कारण तिथे जेर महालच्या आसपास वाद्यांच्या दुकानांच्या काचा होत्या. त्या काळात परदेशी गिटार सरळ दुकानातून घेणं आपल्यासारख्याच्या आवाक्यातलं नव्हतं. आयातीवर बंधनं होती. कुणाचा भाऊ जहाजावर असेल, कुणी आखातात असेल, तर यायची. बाकी आम्हा सगळ्यांना कलकत्त्याने तारलं. गिवसन, होबनर ही नावं माझ्या वयाच्या लोकांना आठवत असतील. मी १९७६ मध्ये सव्वादोनशे रुपयांना एक घेतली. पगार साडेपाचशेच्या आसपास होता, म्हणजे विचार करा.

ती हवाईयन पद्धतीने वाजवायची. आजच्या मुलांनी हा प्रकार पाहिलाही नसेल. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, तारा उंच केलेल्या, डाव्या हातात लोखंडी दांडी, आणि ती तारांवरून सरकवायची. हवाई बेटांवरची ही कला. तिथले ताऊ मो नावाचे वादक १९४० च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहिले होते, आणि तिकडे ती चांगलीच रुजली. आपल्या गाण्यातली मींड तिच्यावर इतकी सहज येते की लोकांना ती परकी वाटलीच नाही. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी ज्यांच्या घरी असेल त्यांनी पंडित ब्रिजभूषण काब्रांची गिटार पुन्हा ऐका. शिवकुमारजींचा संतूर आणि हरिजींची बासरी सगळ्यांना आठवते, तिसऱ्या माणसाला लोक विसरतात. पुढे पंडित विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, ते याच घराण्यातल्या वाद्यावर.

मी मात्र पुढे स्पॅनिशकडे वळलो, म्हणजे तुम्ही सगळे जिला नुसती गिटार म्हणता ती. त्याला जबाबदार १९७३ चा 'यादों की बारात'. त्यातली भूपिंदरसिंगांची गिटार ऐकून आमच्या पिढीतले किती जण बिघडले याची मोजदाद नाही.

आता मुद्द्यावर येतो. स्वस्त आणि चांगल्या गिटारमध्ये फरक कशाचा? मुलांना वाटतं पॉलिशचा आणि नावाचा. खरा फरक पुढच्या फळीचा. गिटारच्या सहा पोलादी तारा मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोचा ताण देतात. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस त्या फळीला सतत लोंबकळतोय असं समजा. फळीने तो ताण सोसायचा, आणि वर इतकं पातळही राहायचं की तार छेडली की थरथरलं पाहिजे. चांगल्या गिटारची फळी एकसंध लाकडाची असते, बहुधा स्प्रूसची, आणि ती आतून पट्ट्यांनी तोललेली असते. स्वस्त गिटारला प्लायवूड लावतात. प्लायवूड मजबूत असतं, पण फार थरथरत नाही. आपल्या कपाटाचं दार वाजवून बघा.

स्पेनमध्ये आंतोनियो दे तोर्रेस नावाचे गिटारकार होऊन गेले, आजच्या गिटारचा आकार बराचसा त्यांचाच. त्यांनी १८६२ साली एक गिटार बनवली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. फळी मात्र उत्तम लाकडाची. आवाज फळीत असतो हे दाखवायला! ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. दुकानदार जेव्हा पाठीच्या लाकडाचं फार कौतुक करतो तेव्हा मला हे तोर्रेस आठवतात.

पाठीच्या लाकडात आपला एक अभिमानाचा भाग आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही. अमेरिकेतली मार्टिन कंपनी १८३३ पासूनची. त्यांच्या महागड्या गिटारी ब्राझीलच्या शिसवीच्या असत. ते लाकूड मिळेनासं झालं तेव्हा १९६९ मध्ये त्यांनी भारतीय शिसव घेतली. म्हणजे आमच्या आजोबांच्या देवघराचं, पाटाचं आणि पलंगाचं लाकूड जगभरच्या मैफिलीत वाजतंय. आणि आपण इथे ती गिटार आयात करून घेतो! व्यापार असाच असतो.

तर जिन्यातल्या प्रश्नाकडे. मोठा कलाकार वाईट गिटारमधूनही गाणं काढतो. त्याच्या बोटांत ताकद असते, कुठे किती दाबायचं हे माहीत असतं, बेसूर जागा तो चुकवतो. अडतं नवशिक्याचं. स्वस्त गिटारच्या तारा पट्टीपासून फार उंच असतात. पोराची बोटं सोलून निघतात. 'एफ' नावाची एक कॉर्ड आहे, एका बोटाने सहाही तारा दाबाव्या लागतात. बहुतेक मुलं गिटार सोडतात ती या 'एफ'पाशी, आणि आई-बाप म्हणतात, याच्यात चिकाटी नाही. चांगल्या आणि नीट बसवलेल्या गिटारवर तीच कॉर्ड निम्म्या जोरात वाजते. म्हणजे ज्याला कमी येतं त्यालाच चांगल्या वाद्याची जास्त गरज. मोटारीचा नवा ड्रायव्हर असेल तर ब्रेक चांगले हवेत ना? तसंच.

पण यालाही मर्यादा आहे, आणि इथे माझ्यातला बँकवाला बोलतो. साधारण वीस ते साठ हजारांपर्यंत तुम्ही आवाज विकत घेता. त्याच्या वर लाकडाची दुर्मिळता, हाताचं काम आणि नाव विकत घेता. तेही घ्यायला हरकत नाही, पण काय घेतोय ते ठाऊक असावं. क्रेडिट कार्डावर गिटार घेऊ नये. मी माझी चांगली गिटार २०११ साली निवृत्त झाल्यावर घेतली, अठ्ठावन्न हजारांची, त्यासाठी पाच वर्षं वेगळी रिकरिंग चालवली होती. पासबुकावर आमच्या हिने पेन्सिलीने 'सवत' असं लिहून ठेवलं होतं. तिची अट एकच, आधी स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, मग गिटार. ट्रॉल्या आधी आल्या. सवतीच्या आवाजाबद्दल मात्र तिची तक्रार नाही.

घ्यायला जाल तेव्हा फोटो बघून घेऊ नका. बोईसरहून आता लोकल आहे, २०१३ च्या आधीसारखी विरारला कसरत नाही. मुलाला घेऊन जा, आणि त्याला वाजवता येत नसेल तर दुकानदाराला तीच धून तीन गिटारींवर वाजवायला सांगा. डोळे मिटून ऐका. किंमतीची चिठ्ठी नंतर बघा. बाराव्या पट्टीवर तार दाबून आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून, दोन्ही सूर जुळतात का पाहा. न जुळले तर ती गिटार कितीही देखणी असो, वरच्या पट्ट्यांवर बेसूरच बोलणार. तिथेच तार आणि पट्टी यांच्यात दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर कमी करून मागा. एकसंध फळी आहे का ते मधल्या भोकाच्या कडेला दिसतं. लाकडाच्या रेषा वरून खाली आरपार जायला हव्यात. प्लायवूडचे थर तिथे उघडे पडतात.

आणि घरी आणल्यावर खरी परीक्षा. आपल्याकडे समुद्र जवळ. गिटारला हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के ओलावा मानवतो, आणि जुलैत आपल्या भिंतींनाच पाझर फुटतो. फळी फुगते, तारा वर चढतात, आणि ऑगस्टमध्ये पोरगा म्हणतो गिटार बिघडली. ती बिघडलेली नसते, ओली असते. पेटीत ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बाथरूमच्या भिंतीला लावून ठेवू नका. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. इथल्या हवेत त्या पुण्यापेक्षा लवकर गंजतात, हे माझ्या भाच्याच्या आणि माझ्या तारा ताडून पाहिल्या आहेत.

कोणी म्हणेल, एवढं करायचं तर आपलं देशी वाद्यच का नको? जरूर घ्या. मिरजेत फरीदसाहेबांपासून शिकलगार मंडळी सतार-तंबोरे करताहेत. मूळची हत्यारांना धार लावणारी माणसं. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा आणि तूनचं लाकूड. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि इतक्या लांब तरी कशाला, आपल्या जव्हार-डहाणूकडे वारली माणूस भोपळा, बांबू आणि ताडाचं पान घेऊन तारपा करतो. त्यालाही विचारा, कुठलाही भोपळा चालतो का म्हणून. तो हसेल. वाद्य चांगलंच करायचं हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही, आणि तो तिकीट लावून कुणासमोर वाजवत नाही, गावासाठी वाजवतो.

आता स्वतःविषयी थोडं. मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे. दोन वर्षांपासून डाव्या हाताच्या दोन बोटांचे सांधे धरतात. थंडीत 'एफ' लागत नाही, तेव्हा मी 'एफ' नसलेली गाणी वाजवतो. मुलगी परदेशात आहे, ती म्हणते बाबा विकून टाका, चांगले पैसे येतील. येतील. पण वापरलेल्या गिटारची बाजारात किंमत आणि माझ्याकडची किंमत यांचा ताळेबंद जुळत नाही, आणि मी आयुष्यभर ताळेबंद जुळवत आलो आहे. म्हणून ठरवलं आहे की ती विकायची नाही, बंद पेटीतही ठेवायची नाही. न वाजवलेल्या गिटारचा आवाज मिटत जातो असं जुने वादक म्हणतात. ते खरं की नाही देव जाणे, पण न वाजवणाऱ्याचा हात नक्की मिटतो.

तेव्हा त्या गृहस्थांना माझं उत्तर असं. बावीस हजार लगेच काढू नका. मुलाला तीन महिने माझ्याकडे पाठवा. माझ्या गिटारवर वाजवू दे. तीन महिन्यांनी तो रोज येत असेल तर धोबीतलावला आपण तिघं मिळून जाऊ, मी तिकीट काढतो. येईनासा झाला तर तुमचे बावीस हजार वाचले आणि माझी संध्याकाळ बरी गेली. बाकीच्या मुलामुलींनाही हेच. वेळ संध्याकाळी पाच ते सात, दुपारी दोन ते चार अजिबात नाही, खालचे आजोबा झोपतात. येताना डाव्या हाताची नखं कापून या, आणि हात धुऊन. वडापाव खाऊन आलात तर दार उघडणार नाही.