कणगीतला संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘लहान घर’ या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. वाड्यातून दोन खोल्यांत आल्यापासून आमच्याकडे या विषयावर रोजच व्याख्याने होतात! सासूबाईंचे शिसवी कपाट ठेवायचे की काढायचे, यावरून सूनबाईंचा नि माझा चार दिवस अबोला होता.

त्याच सुमारास भाचीने मला अमेरिकेतल्या एका घराची छायाचित्रे दाखविली. आपली कणगी असते ना, तशी तिकडे धान्य साठवायला पत्र्याची गोल कोठी असते. १९५५ सालची अशी एक कोठी क्रिस्टोफ कैझर या वास्तुशिल्पज्ञाने अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहरात उभी केली आणि तिच्यातच संसार थाटला. जागा सगळी मिळून सुमारे ३४० चौरस फूट. खाली स्वयंपाक, बैठक नि न्हाणी. वर माळ्यावर बिछाना.

फिनिक्सचा उन्हाळा कडक. पारा ४० अंशांच्या वर जातो. नुसत्या पत्र्याखाली राहणे म्हणजे तापल्या तव्यावर बसणे! म्हणून आतून उष्णता अडविणारा जाड थर दिला, बाहेरून पांढरा रंग. धान्याला उजेड नको असतो, माणसाला हवा. म्हणून अंगणाकडे मोठे दार काढले. राहिली गोल भिंत. तिला सरळ कपाट टेकत नाही, मागची जागा वाया जाते. तेव्हा कपाटे भिंतीच्या वळणानेच घडविली.

ते पाहून मी मनाशी म्हटले, त्यांनी भिंतीशी भांडण मांडले नाही. सामान भिंतीजोगते केले. आणि मी मात्र दोन खोल्यांकडून वाड्याची अपेक्षा करीत होते.

दुसऱ्या दिवशी मीच सूनबाईंना हाक मारली. दोघींनी टेप धरून भिंती मोजल्या. मग सुतार बोलावला. करवत लागली तेव्हा माझे डोळे भरून आले, खोटे कशाला सांगू? सूनबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या कपाटाची आज खिडकीखाली बसायची पेटी झाली आहे. आत अंथरुणे मावतात, वर आम्ही दोघी भाजी निवडतो. सासूबाईंची पितळी कडी तिला तशीच आहे.

तेव्हा भगिनींनो, घर लहान म्हणून कष्टी होण्याआधी एकदा भिंती मोजा. आणि मोजताना टेपचे दुसरे टोक घरातल्याच कुणाच्या तरी हाती द्या.