पाणी घरचे, नळ सर्वांचा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी पाण्यासारखा रोजचा विषय मी का घेतला, असे आपणांस वाटेल. पण जिच्यावाचून घरातील एक प्रहरही जात नाही, त्या वस्तूकडेच आपले लक्ष सर्वांत कमी असते. मी शास्त्रज्ञ नव्हे, एक साधी गृहिणी आहे. म्हणून माझ्याच घरी जे घडले त्यापासून आरंभ करते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या मुलीला कावीळ झाली. आमच्या ओट्यावर पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे. त्यावर निळा दिवा लागतो आणि त्या दिव्यावर माझा पूर्ण भरवसा होता. डॉक्टरांनी विचारले, "चूळ कोणत्या पाण्याने भरता? कोशिंबिरीची काकडी कशाने धुता?" मी निरुत्तर झाले. ते सारे पाणी गच्चीवरच्या टाकीतले! शोध घेतला तेव्हा आढळले की, इमारतीच्या जमिनीखालच्या हौदाला तडा गेला होता आणि चार हातांवर सांडपाण्याचे चेंबर तुंबले होते.

हौदापर्यंत येणाऱ्या नळीचेही असेच आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठराविक वेळीच येते. ते चालू असते तेव्हा नळीत दाब असतो आणि फटीतून पाणी बाहेर झिरपते. पाणी गेले की दाब सरतो आणि आजूबाजूचे गटाराचे पाणी त्याच फटीतून आत शिरते. म्हणून नळाला प्रथम येणारे पाणी पिण्यास भरू नये. ते फरशीला वापरावे. आणि भगिनींनो, नळीलाच जोडलेली मोटार शेजारणीच्या वाट्याचे पाणी तर ओढतेच, पण फटीतली घाणही ओढते. अशी मोटार आमच्याही घरी होती, हे सांगताना मला संकोच वाटतो. आता ती काढली आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीला यमुनेच्या पाण्यात नाल्याचे सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन घातलेला होता. त्याने विषमज्वराची साथ टळली, कावीळ मात्र टळली नाही. त्या काविळीचा विषाणू पुढे 'हिपॅटायटिस ई' म्हणून ओळखला गेला. गरोदर स्त्रीच्या जिवाला तो विशेष धोक्याचा असतो. अगदी अलीकडे, २०२५ च्या जानेवारीत, पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिआँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हाही संशय दूषित पाण्याकडेच वळला.

तर मग उपाय कोणता? प्रथम पाण्याचा दोष ओळखावा, मग उपाय निवडावा. तुरटी गाळ खाली बसविते, पण तेवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही. कँडलचा फिल्टर गाळ आणि बरेच जंतू अडवितो, परंतु बारीक विषाणू त्यातून निसटतात. निळ्या दिव्याचे यंत्र स्वच्छ पाण्यातच नीट काम करते. पाणी गढूळ असले की जंतू गाळाच्या आड राहतात. आर. ओ. यंत्र क्षार आणि फ्लोराइड काढते. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावी विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड असते. त्याने दात डागाळतात, हाडे दुखावतात आणि उकळूनही ते जात नाही. तेथे अशा उपायाची गरज आहे. पण धरणाचे गोड पाणी ज्यांना मिळते त्यांनी ते यंत्र घेऊन दोन-तीन तांबे पाणी मोरीत सोडून एक तांब्या मिळवावा, यात शहाणपण नाही.

जंतूंसाठी आपल्या सर्वांच्या आवाक्यातला उपाय जुनाच आहे. पाण्याला खदखदून उकळी आल्यावर ते मिनिटभर तसेच उकळू द्यावे, मग झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे. भांड्यात हात बुडला की सारे श्रम वाया! नळाच्या पाण्याला क्लोरीनचा किंचित वास आला तर नाक मुरडू नये. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असे भारतीय मानकच सांगते.

शेवटी एक मनातली गोष्ट. मुलगी आजारी असताना आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, आमच्या चाळीतही दोघांना झालीय." त्यांची चाळ आमच्या इमारतीमागेच आहे, नळीही तीच. ओट्यावरचे यंत्र मात्र त्यांच्याकडे नाही. माझे घर सुरक्षित झाले म्हणजे काम संपले, असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे?

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. आपापल्या इमारतीतील टाक्या आणि हौद दर सहा महिन्यांनी धुवून घ्यावेत. नळीवरच्या मोटारी काढाव्यात. पावसाळ्याच्या तोंडी पाण्याची तपासणी करावी. त्यासाठी औषधाची लहान बाटली मिळते. तीत पाणी भरून ठेवल्यावर मैलापाण्याचा दोष असेल तर ते एक-दोन दिवसांत काळे पडते. असे काळे पडल्यास एकटीने तक्रार न करता मंडळाच्या नावाने अर्ज द्यावा, आणि त्या अर्जावर चाळीतील भगिनींच्याही सह्या असाव्यात.