कुणाचं नाव, कुणाची सही?

आज कागद-पेन्सिल घेऊन बसा. कारण आजची गोष्ट कानाला कळत नाही, डोळ्यांनीच बघावी लागते.

इंग्रजीतला 'एस' आपल्या बोलण्यात केव्हाच आला आहे. आपण चिप्स म्हणतो, लेडीज म्हणतो. मराठीत एक पोळी, चार पोळ्या; एक आंबा, चार आंबे. इंग्रजीत बहुतेक शब्दांना शेवटी एस लावला की एकाचे अनेक होतात. बुक म्हणजे एक पुस्तक, बुक्स म्हणजे पुष्कळ. लेडी म्हणजे एक बाई, लेडीज म्हणजे अनेक बाया. 'एक लेडीज आली होती' असं आपण सहज म्हणतो, पण खरं तर ती लेडी! काही शब्द मात्र एस न घेताच बदलतात. वुमन म्हणजे स्त्री, विमेन म्हणजे स्त्रिया. चाइल्ड म्हणजे मूल, चिल्ड्रन म्हणजे मुलं.

हाच एस आणखी एक काम करतो, आपल्या 'चा-ची-चं'चं. आपण आईचा फोन, आईची सही, आईचं नाव म्हणतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द, 'मदर्स'. फक्त लिहिताना एसच्या आधी, वरच्या बाजूला, स्वल्पविरामासारखं बारीक चिन्ह देतात. त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात.

आता 'मेंबर' हा शब्द तीनदा लिहा. पहिल्याला नुसता एस जोडा. अर्थ झाला, अनेक सभासद. दुसऱ्याला आधी चिन्ह, मग एस. अर्थ झाला, एका सभासदाचं. तिसऱ्याला आधी एस, मग चिन्ह. अर्थ झाला, सगळ्या सभासदांचं. बोलताना तिन्ही 'मेंबर्स'च. फरक कागदावरच दिसतो.

८ मार्चच्या फलकावरचं 'विमेन्स डे' आठवा. विमेन हा शब्द आधीच अनेकींचा आहे, म्हणून तिथे चिन्ह एसच्या आधी येतं.

हे शिकायचं कशाला? तर फॉर्मसाठी. 'अॅप्लिकंट्स नेम' म्हणजे अर्जदाराचं नाव. 'हजबंड्स नेम' म्हणजे नवऱ्याचं नाव. 'मदर्स नेम' म्हणजे आईचं नाव. मुलीचा अर्ज भरताना तिथे तुमचं नाव येतं. पण स्वतःचा अर्ज भरताना तिथे तुमच्या आईचं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा सरकारी निर्णय आहे. तेव्हा हा रकाना ओळखता यायलाच हवा.

सर्वांत जपायचं ते सहीला. कर्जाच्या कागदावर 'बॉरोअर्स सिग्नेचर' म्हणजे कर्ज घेणाऱ्याची सही. 'गॅरंटर्स सिग्नेचर' म्हणजे जामीनदाराची सही. दोन्ही ओळी शेजारी-शेजारी असतात आणि कुणीतरी घाईनं बोट ठेवून सांगतं, 'बाई, इथं करा.' जामीनदार म्हणून सही केली आणि पुढे कर्ज थकलं, तर पैसे तुमच्याकडे मागितले जाऊ शकतात.

कधी कधी फॉर्मवर ते चिन्ह छापलेलंच नसतं. मग पुढचा शब्द बघायचा. पुढे नेम किंवा सिग्नेचर असेल, तर मागचा शब्द सांगतो, कुणाचं, कुणाची.

गटाच्या मालाची पाटी रंगवतानाही हे लक्षात ठेवा. लोणची म्हणून 'पिकल्स' लिहायचं असेल तर नुसता एस पुरे. मध्ये चिन्ह घातलंत तर अर्थ होईल 'लोणच्याचं', आणि वाचणारा विचारेल, लोणच्याचं काय?

पुढच्या बैठकीत गटाचे जुने फॉर्म काढा. एसनं संपणारे शब्द शोधा आणि प्रत्येकीनं एकेक सांगा: अनेक, की कुणाचं? पंधरा मिनिटांत नजर बसेल. आणि सही कुणाची मागितली आहे हे कळेपर्यंत पेन टेकवू नका. 'थांबा, मला वाचू द्या' असं म्हणायला लाजू नका.