वकिलाची वाणी, नटाचे कान



‘उगाच नाटकं करू नकोस,’ असं आपण घरात मुलांना सहज म्हणतो. नाटक म्हणजे खोटेपणा, हा अर्थ आपल्या बोलण्यात पक्का मुरला आहे. त्यामुळे वकिलांनी नटाकडून काही शिकावं, असं मी म्हटलं की बार रूममधले ज्येष्ठ मित्र हसतात. ‘म्हणजे आता साहेबांपुढे रडून दाखवायचं का?’ असं विचारतात. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि हौशी रंगभूमीवरही वावरलो आहे. या दोन्ही अनुभवांवरून त्या प्रश्नाचं उत्तर आज देणार आहे.

सर्वसामान्य माणसाच्या मनातलं कोर्ट सिनेमातून आलेलं असतं. १९९३च्या ‘दामिनी’तला सनी देओलचा वकील आठवा. तो गरजतो आणि टाळ्या पडतात. उलट चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा ‘कोर्ट’ पाहा. त्यातल्या सरकारी वकील कायद्याची कलमं एका सुरात, भराभर वाचून दाखवतात. एका लोकशाहिराचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं, पण खोलीतला आवाज मात्र रेल्वे स्थानकावरच्या घोषणेसारखा. प्रत्यक्ष न्यायालय या दुसऱ्या चित्राच्या फार जवळ आहे. आपल्याकडे वकिलांचा अभिनय जास्त होतो, ही अडचण नाही. त्यांचं म्हणणं पोचतच नाही, ही अडचण आहे.

नट आणि वक्ता यांचं नातं जुनं आहे. ग्रीक वक्ता डेमोस्थेनिस याची एक गोष्ट चरित्रकार प्लुटार्कने सांगितली आहे. सभेत बोलणं फसलं म्हणून तो खिन्न होऊन घरी निघाला होता. सॅटिरस नावाच्या नटाने त्याला नाटकातला एक उतारा म्हणायला लावला आणि मग तोच उतारा स्वतः म्हणून दाखवला. शब्द तेच होते, पण डेमोस्थेनिसला तो उतारा निराळाच वाटला. रोमचा सिसेरो हा वकीलसुद्धा रॉशियस या नटाकडून शिकला, असं प्लुटार्कच लिहितो.

आपल्या भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आहार्य म्हणजे वेशभूषा. आमची ती काळा कोट आणि पांढरे बँड यांनी ठरवूनच टाकली आहे. हातवाऱ्यांना न्यायालयात फारसा वाव नाही. राहिलं वाचिक, म्हणजे बोलणं. आणि सात्त्विक, म्हणजे आतून येणारं. आमचं काम या दोहोंवर चालतं.

एकेकाळी आपल्याकडे ज्युरी होती. १९५९च्या नानावटी खटल्यात मुंबईतल्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे शिक्षा झाली. १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. आता समोर एकटे न्यायाधीश असतात. त्यांच्या बोर्डावर त्या दिवशी कितीतरी प्रकरणं लागलेली असतात. त्यांच्यावर अश्रूंचा परिणाम होत नाही. नेमकं, स्वच्छ ऐकू आलेलं वाक्य मात्र त्यांच्या टिपणात उतरतं.

इथे मराठीची एक गंमत सांगतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच येतो. ‘आरोपी त्या वेळी घटनास्थळी हजर नव्हता.’ सगळा खटला त्या ‘नव्हता’मध्ये आहे. आणि नेमका तिथेच आमचा श्वास संपलेला असतो! वाक्याची सुरुवात खणखणीत होते, शेवट कोटाच्या कॉलरमध्ये विरून जातो. नाटकाच्या तालमीत पहिला धडाच हा असतो की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला शेवटचा शब्द ऐकू गेला पाहिजे. त्यासाठी ओरडावं लागत नाही. वाक्य सुरू करण्याआधी पुरता श्वास घ्यावा लागतो आणि शेवटच्या शब्दासाठी त्यातला थोडा राखून ठेवावा लागतो. ज्युनिअर वकिलांना मी रोज दहा मिनिटं एखादा निकाल मोठ्याने वाचायला सांगतो, तो एवढ्यासाठीच.

दुसरा धडा स्तानिस्लावस्की या रशियन नाट्यशिक्षकाचा. रंगमंचावर पाऊल टाकण्यापूर्वी नटाने स्वतःला विचारावं, ‘या प्रवेशात या पात्राला हवंय काय?’ वकिलाने प्रत्येक प्रश्नाआधी हेच विचारावं. ‘अपघाताबद्दल विचारायचंय,’ हे उत्तर पुरेसं नाही. ‘रस्त्यावर दिवा नव्हता हे साक्षीदाराकडून वदवून घ्यायचंय,’ असं उत्तर हवं. मग आवाज, वेग, नजर आपोआप ठरतात.

तिसरा धडा सर्वांत अवघड आहे, तो म्हणजे ऐकणं. समोरच्या पात्राचं वाक्य नटाला पाठ असतं, तरी ते प्रथमच ऐकल्यासारखं त्याला ऐकावं लागतं. उलटतपासात तर पुढचं वाक्य कुणालाच ठाऊक नसतं, तरीही कित्येक वकिलांची नजर कागदावरच्या पुढच्या प्रश्नावर खिळलेली असते. समजा, विचारलं, ‘मारामारी कुठून पाहिली?’ साक्षीदार म्हणाला, ‘ओट्यावरून. भाऊ ओरडला तेव्हा मी बाहेर आलो.’ न ऐकणारा वकील लगेच अंतर किती होतं ते विचारतो. ऐकणारा थांबतो. भाऊ ओरडल्यावर बाहेर आला, म्हणजे पहिला वार त्याने पाहिलाच नाही! न्यायाधीश लघुलेखकाला मजकूर सांगतात, तो नोंदला जाऊ द्यावा आणि गप्प राहावं. ‘मग पहिला वार कोणी केला हे कसं सांगता?’ असं विचारण्याचा मोह आवरावा, कारण त्याने साक्षीदाराला सारवासारव करण्याची संधी मिळते. तो मुद्दा युक्तिवादासाठी ठेवावा. विराम कुठे घ्यायचा, हे नटाला कळतं तसं वकिलालाही कळायला हवं.

आता मित्रांच्या शंकेकडे येतो. ही विद्या खोट्याच्या सेवेला लागली तर? धोका खरा आहे. साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल शेरा नोंदवण्याची मुभा कायदा न्यायाधीशांना देतो. खेड्यातून आलेली एखादी बाई पिंजऱ्यात उभी राहिली की तिचे हात कापतात, आवाज फुटत नाही. सराईत माणूस मात्र खोटंही नजर न झुकवता सांगतो. म्हणजे अभिनय तिथे आधीपासूनच हजर आहे, आणि घाबरलेल्या खऱ्या माणसावर तो अन्याय करू शकतो.

म्हणून रेषा स्पष्ट हवी. काय सांगायचं हे साक्षीदाराला पढवायचं नाही. पढवलेला पोपट उलटतपासात टिकत नाही, आणि टिकला तरी ते पाप आहे. पण कुठे उभं राहायचं, कोण काय विचारणार, प्रश्न समजला नाही तर ‘समजला नाही’ म्हणायचं, आठवत नसेल तर तसं सांगायचं, एवढं तिला आधी सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. सरतपासात उत्तर सुचवणारा प्रश्न सहसा चालत नाही. ‘मग काय झालं?’ एवढंच शांतपणे विचारावं आणि धीराने ऐकावं. समोर कुणीतरी मनापासून ऐकतंय असं दिसलं, की कापरा आवाजही हळूहळू स्थिरावतो. रंगमंचावर चांगला सहनट हेच करतो.

खोटं बोलण्यासाठी कोणालाही नाट्यशिक्षणाची गरज पडत नाही. खरं असलेलं म्हणणं दुबळ्या आवाजामुळे हरू नये, यासाठी मात्र ती पडते. ज्याला भारी वकील परवडत नाही, ज्याची सारी भिस्त एका तरुण वकिलाच्या दहा मिनिटांवर आहे, त्या पक्षकाराचा तो ‘नव्हता’ न्यायासनापर्यंत स्वच्छ पोचला पाहिजे. रंगभूमीकडून आम्हा वकिलांना एवढं जरी घेता आलं, तरी पुष्कळ झालं.