परसांतील भेक आणि त्यांचीं छायाचित्रें



भेक म्हटला म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या अंगावर शहारा येतो. बेडूक निदान डौलानें उडी तरी मारतो. हा मात्र न्हाणीच्या दगडाआड, कोणाचें तरी देणें बुडवून दडल्यासारखा बसलेला! कोंकणांत पहिला पाऊस झाला, कीं परसदारीं यांची वर्दळ वाढते, आणि मुलांचा यांच्यावर मीठ टाकण्याचा निर्दय उद्योगही सुरू होतो.

मी अलीकडे यांचीं छायाचित्रें घेतों. साधा मोबाईल पुरतो, कारण हें गिऱ्हाईक सहसा पळत नाहीं. उभ्यानें घेतलेलें चित्र मात्र ढेकळासारखें दिसतें. आपण पालथें पडावें, यंत्र त्याच्या डोळ्यांच्या पातळीस आणावें आणि उजेड बाजूनें पडूं द्यावा. मग ती आडवी बाहुली, भोंवतालची सोनेरी झांक आणि डोक्यावरील काळ्या कडा पाहून घ्याव्या! नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं, याचें वाईट वाटतें. याच जातीस श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञानें १७९९ सालीं 'मेलॅनोस्टिक्टस', म्हणजे काळ्या ठिपक्यांचा, असें नांव दिलें.

डोळ्यांमागील दोन फुगीर ग्रंथींत विष असतें. कुत्र्यानें त्याला तोंडांत धरलें, तर कुत्र्याच्या तोंडास फेस येतो. आपणही हाताळल्यास हात धुवावे. चामखीळ मात्र भेकामुळें होत नाहीं. ती माणसांतील विषाणूंमुळें होते.

ओसरीच्या दिव्याखालीं पंख फुटलेली वाळवी पडूं लागली, कीं हे जमतात. जीभ तोंडाच्या पुढच्या कडेस जडलेली असल्यामुळें ती पलटून बाहेर येते. माझ्या एका चित्रांत भेकाचे डोळे पार आंत गेले आहेत. ती झोंप नव्हे. घांस गिळतांना डोळे आंत ओढले जातात व घांस घशाकडे ढकलण्यास मदत करतात. पाणी मात्र तो तोंडानें पीत नाहीं, ओल्या मातीवर बसून पोटाच्या कातडींतून शोषतो. त्या कातडीवर मीठ पडलें म्हणजे उलट त्याच्याच अंगांतील पाणी बाहेर ओढलें जातें. आळींतील मुलांना हें समजावून चित्रें दाखविलीं, तेव्हांपासून तीं मिठाऐवजीं विजेरी घेऊन येतात.

यंदा शेजारच्या खड्ड्यांत काळ्या मण्यांच्या दुपदरी माळांसारखीं यांचीं अंडीं दिसलीं. मालक तो खड्डा त्याच आठवड्यांत बुजविणार होते. पुढें काळ्याभोर पिलांचे थवे फिरूं लागले, त्यांचीं चित्रें मीं त्यांना नेऊन दाखविलीं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ''मास्तर, मातीची गाडी दिवाळीनंतर आणूं.''