हीटर गळतो तेव्हा

(मिशिगनमधल्या मराठी बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज गाडीच्या हीटरवर बोलणार म्हटल्यावर दोघीतिघी हसल्या. हसा. पण इथे जानेवारीत पारा शून्याखाली असतो, बहुतेक उपनगरांत बस धड मिळत नाही, आणि नोकरी, पाळणाघर, दवाखाना सगळं गाडीवर. गाडी बंद म्हणजे बाई घरात बंद. ज्या घरात बाईला त्रास आहे, तिथे तर हा नुसता यंत्राचा प्रश्न राहत नाही.

हीटर म्हणजे वेगळी शेगडी नव्हे. इंजिन थंड ठेवता ठेवता कूलंट स्वतः तापतं. त्यातलं थोडं डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि पंखा त्यावरची ऊब आत ढकलतो. या छोट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. तो गंजला की गळतो. मग गाडीत गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि पुसलं की आणखी पसरतं, शेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला होतो. उन्हाळ्यात तिथे बिनवासाचं साधं पाणी दिसलं तर बहुधा एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. ते काम किरकोळ. कूलंट मात्र विषारी, आणि चवीला गोड. मुलं आणि कुत्रीमांजरं लांब ठेवा. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका. आणि पातळी उतरत असताना गाडी तशीच दामटू नका, इंजिनच जायचं.

आता पैसे. कोअर स्वतः फारसा महाग नसतो. पण पुष्कळ गाड्यांत तिथपर्यंत पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. बिल होतं ते मजुरीचं. आमच्या गटातली एकजण दोन मुलांना घेऊन घराबाहेर पडली होती, जुनी गाडी हीच तिची मालमत्ता. गॅरेजने सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीच्या वर गेला. वर ‘मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो’ हेही ऐकवलं. (मिस्टरांना हीटर कोअर ठाऊक असतो असं थोडंच आहे! त्यांची परीक्षा कोणी घेत नाही, इतकंच.)

आम्ही आणखी तीन ठिकाणी फोन केले. मजुरीचे तास किती आणि तासाचा दर काय, हे वेगवेगळं विचारलं. आकडा बराच खाली आला. हा काही योगायोग नव्हे. 2013 साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मेगन ब्यूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुषांनी आणि बायकांनी गॅरेजांना फोन करून रेडिएटर बदलायचा दर विचारला. ‘मला काही कल्पना नाही’ म्हणणाऱ्या पुरुषांना सरासरी 383 डॉलर सांगितले, बायकांना 406. ‘365 लागतात असं ऐकलंय’ म्हटल्यावर हा फरक उरला नाही. आणि कमी करा म्हटल्यावर गॅरेजवाल्यांनी बायकांचं पुरुषांपेक्षा जास्त वेळा ऐकलं! भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या आपण, गॅरेजात मात्र मुक्या होतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मिशिगनमध्ये 1974 पासून मोटारदुरुस्तीचा कायदा आहे. खर्चाचा लेखी अंदाज आधी मागा, बदललेला जुना भाग परत मागा.

बाटलीतलं गळती बुजवणारं औषध ओता, असं कुणीतरी सुचवतंच. माझं मत विचाराल तर नको. ते भोकाबरोबर बारीक वाटाही बुजवू शकतं. दुसरा उपाय म्हणजे कोअरकडे जाणाऱ्या दोन नळ्या बाहेरच एकमेकींना जोडून घ्यायच्या. थोडक्या पैशांत गळती थांबते, इंजिन नीट चालतं. मात्र ऊब नाही, आणि पुढच्या काचेवरचं धुकं-बर्फ वितळवायला गरम हवाही नाही. जानेवारीत हे जिवावर बेतेल.

आमच्या मैत्रिणीचं हे सगळं एप्रिलात चाललं होतं. तिने नळ्या जोडून घेतल्या, उन्हाळाभर दर पगाराला थोडे पैसे बाजूला टाकले आणि ऑक्टोबरात कोअर बदलून घेतला. जुना कोअर मागून घरी आणला. तो आज इथे टेबलावर ठेवलाय, हातात घेऊन बघा. मग बाहेर चला. गाड्या एव्हाना निवल्या असतील. बॉनेट उघडून त्या दोन नळ्या दाखवते.